गाडीचा राग ओळखणारे भाई

"राग आलाय हिला. बसा आता."

गाडी तापली की भाई एवढंच म्हणायचे. बॉनेटवर उजवा तळहात टेकवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. चटका बसला की हात झटकायचे आणि चपला काढून गाडीच्या सावलीत मांडी घालून बसायचे. मालकाची गाडी भर रस्त्यात उभी, मागच्या सीटवर मालकाची म्हातारी आई, बाहेर ओमानचं जून महिन्यातलं ऊन, आणि हा माणूस स्वतःच्या पडवीत बसल्यासारखा निवांत. बॉनेटखालून सूं सूं आवाज येतोय आणि हे खिशातून कंगवा काढून मेंदी लावलेली दाढी विंचरताहेत.

तुमच्यापैकी कुणी तापलेल्या गाडीजवळ उभं राहिलं असेल तर त्याला ठाऊक असेल, अशा वेळी हात शिवशिवतात. झाकण उघडावं, पाणी ओतावं, काहीतरी करावं. माझे तर फारच शिवशिवायचे. भाईंचे कधीच नाहीत.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही मला उगाच भला माणूस समजणार नाही.

मी चिपळूणकडचा. शाळा सातवीत सुटली. नव्वदनंतरच्या वर्षांत मस्कतला आलो तेव्हा मला गाडी सरळ चालवता येत होती, बाकी काही नाही. मस्कतच्याच अझैबा भागात एका अर्बाबकडे, म्हणजे ओमानी मालकाकडे, काम मिळालं. अर्बाबचं टाइल्स आणि नळसामानाचं दुकान होतं. भाई घरची मोठी जपानी गाडी चालवायचे, मी दुकानाची पिकअप. भाई रत्नागिरीच्या खाडीकडच्या एका मुसलमान गावातले, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. मला अर्बाबसमोर उभं त्यांनीच केलं. लायसनच्या परीक्षेत दोन रांगांत पिंपं मांडून त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायला लावतात. त्या पिंपांनी भल्याभल्यांना रडवलंय. भाईंनी मला शुक्रवारी शुक्रवारी मोकळ्या मैदानात रंगाचे रिकामे डबे मांडून शिकवलं. डबा पडला की म्हणायचे, "गाववाले, हा डबा नाय पडला, तुमचा मस्कतचा भात पडला." त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण ज्याने उपकार केलेत त्याचा हेवा वाटायला लागला की माणसाला धड रागावताही येत नाही, हेही खरं.

हेवा कसला? तर आधी त्यांच्या हाताचा. आमच्या ओळखीच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरच्या मनगटावर नाहीतर कोपरापाशी एक गुळगुळीत डाग असायचा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईने फिरवल्याची ती निशाणी. आत कोंडलेलं उकळतं पाणी कारंज्यासारखं उडतं. माझ्याही मनगटावर आहे. भाईंचे हात मात्र कोपरापर्यंत स्वच्छ, केसाळ, वर अत्तर लावलेले. आमच्या खोलीत आम्ही जेवायला बसलो की ते बाह्या वर सारायचे आणि सुरमईच्या मधल्या तुकडीला हात घालायचे. मला आधी तो हात दिसायचा, मग गेलेली तुकडी.

सकाळी त्यांचं एक काम ठरलेलं. इंजिन थंड असताना, चहाच्या आधी, बॉनेट उघडायचं. झाकण काढून पाणी बघायचं, तेही साधं नळाचं नाही, हिरवं कूलंट घातलेलं. रबरी पाइप दोन बोटांत दाबून बघायचे, बाजारात केळं दाबतात तसे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने ढकलायचे. मग होजपाइप घेऊन रेडिएटरच्या जाळीवर आतल्या बाजूने पाणी मारायचे. समोरून वाळवंटातली धूळ आणि मेलेले किडे गळून पडायचे. "नाक चोंदलं तर माणूस पण तापतो," म्हणायचे. हे सगळं मोठ्याने, गाडीशी गप्पा मारत. माझ्याशी इतका वेळ ते कधी बोलले नाहीत.

पण हातापेक्षा आणि गाडीपेक्षा मोठा हेवा होता तो हबूबाचा. तिकडे आजीला हबूबा म्हणतात. अर्बाबची मुलं म्हणायची म्हणून सगळं घर अर्बाबच्या आईला हबूबाच म्हणे. किरकोळ अंगाची, तोंडावर तो कडक मुखवट्यासारखा बुरखा, हातात काठी. तिचं माहेरचं गाव कुरियातच्या पलीकडे एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीच्या काठी. दर गुरुवारी तिला तिथे जायचं असे. वाटेत आमेरात गाव मागे पडलं की उभी चढण. आम्ही कोकणातली माणसं त्याला घाटच म्हणायचो. भाई तिला घेऊन जायचे आणि शुक्रवारी घेऊन यायचे.

ही हबूबा भाईंना "वलदी" म्हणायची. वलदी म्हणजे माझ्या लेकरा. आणि मला म्हणायची "दिरेवल". ड्रायव्हर शब्दाचं तिकडे ते झालंय. मी त्या घरात चार ईद पाहिल्या तरी मी दिरेवलच. तिला माझं नाव येत नव्हतं असं नाही. एकदा तिने ते विचारलं होतं, दोनदा म्हणून पाहिलं होतं आणि मग सोडून दिलं होतं. घरापासून इतक्या लांब माणूस राहतो ना, तेव्हा पगार, खोली, जेवण सगळं ठीक असतं, पण कुणी एकाने तरी आपल्याला लेकरू म्हणावं असं फार वाटतं. ते एकच भांडं होतं आणि त्यातलं सगळं भाईंच्या ताटात वाढलेलं होतं.

त्या घाटातला एक किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. ऑगस्टच्या दुपारी चढण लागली आणि इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकायला लागला. भाईंनी काय करावं? एसी बंद केला, चारी काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. त्या उन्हात हीटर! यात अक्कल अशी की हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो ओढून आत सोडतो, तेवढाच इंजिनाला आराम. पण हे मागे बसलेल्या म्हातारीला कोण सांगणार? ती ओरडायला लागली, "जाळतोस काय रे मला?" भाईंनी आरशात बघून आपल्या रत्नागिरी सुरातल्या अरबीत सांगितलं, "हबूबा, गाडी म्हणते मी मरू की तुम्ही घामाघूम व्हाल? मी म्हटलं, हबूबाला विचार."  म्हातारी बुरख्याआडून हसायला लागली. गावात पोचल्यावर तिने दारोदार सांगितलं, की मी घाम दिला आणि गाडी वाचवली.

मी म्हटलं, एवढंच ना? पुढच्या महिन्यात अर्बाबचे दोन पाहुणे पिकअपमधून गोदामावर न्यायचे होते. काटा जरा हलल्यासारखा वाटला. मी एसी बंद केला, काचा खाली, हीटर चालू. पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशा, म्हणजे ते लांब झगे, छातीला चिकटल्या. मी भाईंचंच वाक्य, शब्द न शब्द, म्हटलं, फक्त हबूबाच्या जागी अर्बाब घातलं. एकाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वेडा आहेस का?" दुसऱ्याने हात लांब करून एसी चालू केला. अर्बाबच्या कानावर गेलं. अर्बाब भला माणूस, ओरडला नाही. म्हणाला, "तू ते करू नकोस. ते त्याला शोभतं."

ते त्याला शोभतं. 

रस्त्यात थांबण्याचंही तसंच. ओमानात बॉनेट उघडं दिसलं की येणारा जाणारा थांबतो, हे तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. भाई थांबले की त्याची बैठक व्हायची. डिकीत त्यांनी एक चटई कायम ठेवलेली. कुणी शेळ्या घेऊन चाललेला म्हातारा थांबायचा, कुणी आपल्या गाडीतून काहव्याचा, म्हणजे तिकडच्या वेलदोड्याच्या कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा काढायचा. भाई मध्ये, बाजूला तीन-चार माणसं. कुणाच्या लेकाचं लग्न, कुणाच्या विहिरीचं पाणी, सगळं निघायचं. गाडी कधीच थंड झालेली असायची, पण उठायचं कोण? त्या रस्त्यावरची निम्मी माणसं त्यांना ओळखायची. मी थांबलो तरी माणसं थांबायची, नाही असं नाही. काच खाली करून विचारायची, "तो दाढीवाला कुठंय?" मी म्हणायचो, घरी आहे. "त्याला सलाम सांग." आणि गाडी पुढे.

मी भाईंना एकदा विचारलंही, "भाई, तुम्हाला भीती नाही वाटत? इंजिन गेलं तर? अर्बाब म्हणाला तर?"

"गाववाले, तुम्ही गाडी चालवताना काटा बघता की रस्ता?"

"दोन्ही."

"खोटं बोलता. तुम्ही काटाच बघता. म्हणून रस्त्यावरचा माणूस तुम्हाला दिसत नाय, न् त्याला तुम्ही दिसत नाय." एवढं बोलून ते माझ्याच चपला घालून नमाजाला गेले. स्वतःच्या कधी सापडायच्या नाहीत त्यांना.

मग सोहारचं निघालं, मस्कतपासून दोनशे किलोमीटरवरचं शहर. तिकडे बंदराचं काम सुरू झालं होतं, कारखाने येणार म्हणत होते. अर्बाबने तिथे दुसरं दुकान काढलं. दोघांपैकी एका ड्रायव्हरने सोहारला जाऊन राहायचं, दुसऱ्याने अझैबाला घरची गाडी आणि दुकान दोन्ही बघायचं, असं ठरलं. सोहार म्हणजे पत्र्याची खोली, ओळख ना पाळख, दिवसभर सिमेंटच्या धुळीत ट्रक. अझैबा म्हणजे घर. हबूबा. गुरुवारची फेरी. मी झोपेतसुद्धा तेच घोकत होतो. भाईंना तर कुणी हलवणार नाही, म्हणजे मीच जाणार, हे मला दिसत होतं.

आणि एक दिवस अर्बाब म्हणाला, "या गुरुवारी हबूबाला तू घेऊन जा. भाईला मी इथल्या बंदरावर माल आणायला पाठवतोय."

मला वाटलं, ही परीक्षा. कदाचित तसं काहीच नसेल, भाईंना खरंच बंदरावर काम असेल. पण मी ती परीक्षाच धरली. बुधवारी गाडी धुवायला म्हणून औद्योगिक भागात नेली आणि एका ओळखीच्या मिस्त्रीला सांगितलं, असं काहीतरी कर की ही घाटात तापणारच नाही. मिस्त्री आपल्याच मुलखातला. त्याने ताबडतोब थर्मोस्टॅटचा वॉल काढून माझ्या हातात ठेवला. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही एक छोटी झडप. "अरे, हे थंड देशातल्या लोकांसाठी," तो म्हणाला. "आपल्याला इथे इंजिन गरम करून काय चहा करायचाय? काढ, पाणी मोकळं फिरू दे." इतकं पटलं मला ते! आमच्याकडचे कितीतरी मिस्त्री हेच करतात, अजूनही करत असतील. परत येताना काटा अगदी खाली. विहिरीच्या पाण्यासारखी थंड गाडी. मी घरी येऊन अर्बाबला वॉल दाखवला आणि सांगून टाकलं, "आता ही गाडी तापणारच नाही. भाईंना जमलं नाही ते मी केलं."

गुरुवारी हबूबा मागे बसली. सीटच्या बरोबर मधोमध, दोन्ही हात काठीवर. आमेरातपर्यंत काटा हलला नाही. मी गुणगुणत होतो. चढणीच्या आधी भाई नेहमी एसी बंद करायचे. मी कशाला करू? माझी गाडी थंड. शिवाय तिला सांगायची हिंमत कुणाला होती?

अर्ध्या चढणीत मागून आवाज आला, "दिरेवल. काटा."

मी बघितलं. काटा मध्याच्या वर गेला होता आणि चालत होता. मी ॲक्सिलरेटर कमी केला, पुन्हा दाबला, घाम फुटला. मागून काठी पुढे आली. काठीच्या टोकाने तिने एसीचं बटण दाबलं. "बंद." मग काठी डावीकडे. "हे गरम. सोड." मी हीटर सोडला. "काचा." मी काचा खाली केल्या. "दुसरा गियर. हळू. ते बघ, तिथे जागा आहे, तिथे थांब." मला तेव्हा कळलं, ती सीटच्या मधोमध का बसायची. तिला तिथून काटा दिसायचा. इतक्या गुरुवारांत भाईंनी गाडी चालवता चालवता म्हातारीला सगळं शिकवून ठेवलं होतं. मला नव्हतं शिकवलं, तिला शिकवलं होतं!

थांबलो, बंद केली, बॉनेट उघडलं. वाफ. मी ओलं फडकं घेऊन झाकणाला हात घालणार, तेवढ्यात खाली उतरलेल्या हबूबाची काठी मनगटावर बसली. चांगली जोरात.

"बस," ती म्हणाली. "राग आलाय तिला."

मी बसलो. तिने मला डिकीतून चटई काढायला लावली, सावलीत अंथरायला लावली आणि बसली. थोड्या वेळाने एक पिकअप थांबली. खजुराच्या बागेतला कुणी माणूस. त्याने काहवा ओतला आणि पहिलं वाक्य विचारलं, "दाढीवाला कुठंय?" हबूबाने त्याला सगळी हकिगत सांगितली, माझ्याकडे काठी दाखवून दाखवून. दोघं हसली. मीही हसलो, काय करणार. तो माणूस खाली जाऊन पेट्रोल पंपावरून दुकानात फोन करून आला, आणि येताना आमच्यासाठी कलिंगड घेऊन आला.

भाई दुपार कलताना दुकानाची पिकअप घेऊन आले. माल उतरवून तसेच निघाले होते. गाडी थंड झाली होती. त्यांनी आधी हबूबाला सलाम केला, मग गाडीला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. पाणी भरलं, गाडी चालू केली, रेस देत राहिले आणि एकेक पाइप चाचपला. वरचा, खालचा, बाजूचा बारका. रेडिएटरवर तळहात फिरवला. इंजिन तापत होतं आणि रेडिएटर नुसता कोमट.

"वॉल कुठाय?"

"काढला," मी म्हटलं. "पाणी मोकळं फिरायला."

भाई खाली बसले. हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, ह्या गाडीच्या वॉलला दोन तोंडं असतात. एक उघडतं तेव्हा दुसरं बुजतं. तुम्ही सगळाच काढलात, आता निम्मं पाणी रेडिएटरकडे जातच नाय. आतल्या आत फेऱ्या मारतंय. गरम पाणी, गरमच पाण्याला भेटतंय!" मग हबूबाला अरबीत समजावलं. तिने डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

माझ्या खिशात वॉल होता, दाखवायला म्हणून बाळगलेला. भाईंनी तो रस्त्याच्या कडेला बसून परत बसवला. गाडी घाट चढून गेली. चालवायला भाई, मी पाठीमागून पिकअप घेऊन.

शनिवारी अर्बाबच्या बैठकीत भाईंनी ही गोष्ट सांगितली. मी दारात उभा. मला वाटलं होतं, झाकून घेतील. छे! माझा आवाज काढून दाखवला, माझं गुणगुणणं काढून दाखवलं, म्हातारीची काठी कशी पुढे आली, मनगटावर कशी बसली. अर्बाब लोळायचा बाकी राहिला. मुलं पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती. मी मनात सोहारची पिशवी भरायला घेतली.

हसणं ओसरल्यावर भाई अर्बाबला म्हणाले, "सोहारला मला पाठव."

अर्बाबने हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. "तुला? का?"

"ह्याला पाठवलंस तर हा ट्रकचा रेडिएटरच काढून ठेवील, हवा मोकळी खेळायला." पुन्हा हशा. "तिथे लांबचा रस्ता, एकट्याचं काम. हा एकटा राहिला तर काट्याकडे बघून बघून वेडा होईल. ह्याला इथे ठेव. इथे हबूबा आहे, ती ह्याला चालवील."

खलास. तिथल्या तिथे ठरलं. मला हवं ते सगळं मिळालं, आणि कसं मिळालं बघा. एकट्याला कुठे पाठवण्याच्या लायकीचा नाही म्हणून मिळालं. खोलीत आल्यावर मी भाईंकडे पाठ करून बसलो. ते पिशवीत लुंग्या कोंबत होते. म्हणाले, "काय गाववाले, तुम्ही पण तापलात?" मी म्हटलं, "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?" तर म्हणाले, "सगळे हसले म्हणून राहिलात. मी हात जोडून मागितलं असतं तर अर्बाबने विचार केला असता. हसताना माणूस नाय म्हणत नाय." आणि माझ्या चपला घालून निघाले. त्या चपला सोहारला गेल्या, परत आल्या नाहीत.

मी घरची गाडी चालवायला लागलो. सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडायला शिकलो, पाइप दाबायला, जाळी धुवायला. चढण दिसली की, हबूबा काठी उचलायच्या आत, एसी बंद करायला शिकलो. माझ्या हातून गाडी पुन्हा उकळली नाही. त्यामुळे रस्त्यात थांबायची वेळ आली नाही, आणि त्यामुळे चटई डिकीत गुंडाळलेलीच राहिली. हबूबा कधी कधी त्या थांब्याच्या जागी काचेतून बघायची. एकदा म्हणाली, "तू चांगला चालवतोस, दिरेवल." आवाजात कौतुक होतं, पण कंटाळाही होता. खरं सांगतो, एकदोनदा मनात आलं, मुद्दाम तापवावी.

भाई ईदला यायचे. सोहारची माणसंही आता त्यांच्या ओळखीची झाली होती, तिकडच्या स्टील कारखान्यातले इंजिनियर त्यांना गाडी दाखवायला यायचे असं ते स्वतःच सांगायचे, आणि निम्मं खरं असावं. ते आले की हबूबा खिडकीपाशी. "वलदी, वलदी." मी काहवा घेऊन उभा.

पुढे त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला, पायाला जखम झाली, आणि ते गावी गेले ते गेलेच. काही वर्षं फोन यायचे. "गाडीने राग केला काय?" मी म्हणायचो, नाही. "बरं," म्हणायचे, जरा हिरमुसल्यासारखे. मग एका पावसाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. अब्बा गेले.

मी अर्बाबला सांगितलं. हबूबाला सांगायचं मला जमेना. त्या गुरुवारी अर्बाबही बरोबर आला आणि तिच्या गावी पोचल्यावर, अंगणात, त्याने सांगितलं. तिने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग विचारलं, "त्याच्यासाठी बसलं कोण?"

तिकडे माणूस गेलं की घरचे पुरुष गावच्या बैठकीच्या खोलीत ओळीने बसतात. गाव येतं, एकेकाचा हात हातात घेतं, दोन शब्द बोलतं. अर्बाब म्हणाला, "अम्मा, त्याच्या गावी बसले असतील. त्याची मुलं आहेत."

"इथे कोण बसलं?"

"इथे त्याचं कोण आहे?"

तिने काठी उचलली. ती माझ्याकडे वळली तेव्हा मला आधी वाटलं, पाणी मागतेय. "हा आहे," ती म्हणाली. "त्याच्या देशाचा. त्याच्या हाताखालचा. हा बसेल."

मी म्हटलं, "हबूबा, मी मुसलमान नाही." अर्बाबही तेच म्हणणार होता, त्याने तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "मी नमाज पढायला नाही सांगितलं. बसायला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर त्या लांबट खोलीत भिंतीला टेकून आम्ही बसलो. अर्बाब, त्याचा धाकटा भाऊ आणि मी. मला वाटलं होतं, गावातली पाचदहा माणसं येतील. चपलांचा ढीग दाराबाहेर गेला. शेळ्यावाले, बागवाले, कुरियातचे मासेवाले, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, तो आता मुलाबाळांचा बाप. रस्त्यावर कधीतरी भाईंच्या चटईवर बसलेली माणसं. एकेक जण वाकायचा, अर्बाबचा हात धरायचा, मग भावाचा, मग माझा. अल्ला तुला धीर देवो. तुझं पुण्य वाढो. माझा हात मात्र जरा जास्त वेळ धरायचे, कारण त्यांच्या लेखी घरचा तो मी.

आणि मी तिथे बसून काय विचार करत होतो? मी गेलो तर कोण बसेल? अझैबाच्या त्या घरात एवढी वर्षं, त्या घाटानंतर एकदाही गाडी न तापवता, आणि मी गेलो तर दाराबाहेर किती चपला पडतील? भाई मेले तरी माझा हेवा गेला नव्हता. तो माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता. माझे डोळे भरून आले. समोरच्या म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि तोही रडायला लागला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "मोठा भाऊ होता ना तुझा?"

मी अर्बाबकडे पाहिलं. अर्बाब समोर बघत होता. त्याने आपल्या पाठीमागची उशी काढली आणि माझ्या पाठीमागे सारली.

"हो," मी म्हटलं.

दारात पुढचा माणूस वाकून चपला काढत होता. मी डोळे पुसले, उभा राहिलो आणि हात पुढे केला.